बाजूच्या रांगेतला शब्द

वैशाख संपत आला होता. दुपारचे ऊन पोफळींच्या शेंड्यांवरच अडून राहावे आणि खाली त्याची केवळ एखादी तिरीप उतरावी, अशा वेळी नूतन माझ्या ओटीवर आली. हातात गुणपत्रिका होती. ती तिने माझ्यापुढे ठेवली आणि देवापुढे नारळ ठेवून मागे सरावे तशी दोन पावले मागे सरली.

"एकोणतीस," ती म्हणाली. "इंग्रजीत सहा कमी पडले, गुरुजी. बाकी सगळं सुटलं."

नूतन ही माझ्या शेजारच्या वाडीतली सून. दिवेआगरात आमच्या दोन वाड्यांच्या, म्हणजे घरामागच्या सुपारीच्या बागांच्या, मध्ये एक कमरेएवढा दगडी गडगा आहे. त्यावरून भाजी, वर्तमानपत्र आणि गावच्या बातम्या यांची ये-जा चालते. तिचा नवरा गणराज उरणच्या बाजूला कंटेनरच्या गाडीवर असतो. घरी सासरे दादू, सासू आवडाबाई आणि आठवीतली मुलगी आरोही. देवळामागच्या बालवाडीत नूतन नऊ वर्षे मदतनीस होती. मुलांची नाके पुसावी, खिचडी वाढावी, रडणाऱ्याला कडेवर घ्यावे, ही तिची कामे. परंतु गाणीही तीच शिकवी, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. तिथल्या मुख्य बाई, नीराबाई, गणपतीनंतर मुलाकडे राहायला जाणार होत्या. बालवाडी चालवणाऱ्या मंडळाने नूतनला सांगितले होते, की तोवर दहावी झालीस तर ती जागा तुझी. न झालीस तर बोर्ली पंचतनहून कोणाला तरी आणू. म्हणून पस्तिसाव्या वर्षी तिने दहावीचा अर्ज भरला होता. आता जूनअखेरची फेरपरीक्षा तेवढी उरली होती.

"मी संस्कृतचा मास्तर," मी म्हणालो. "इंग्रजी मला कामापुरते येते. आरोहीला का विचारीत नाहीस?"

"ती हसते माझ्यावर. आणि तुम्ही इंग्रजी शिकवूच नका, गुरुजी. तुम्ही पाठ करायला शिकवा. लहानपणी तुमचा अख्खा कोश पाठ होता, म्हणता ना? पत्र, निबंध मी ओढते कसे तरी. तो शब्दांचा प्रश्न दर वेळी अर्धा कोरा राहतो."

तो प्रश्न तिने मला दाखवला. दोन अक्षरे दिलेली असत. त्यांनी आरंभ होणारे पाच शब्द लिहायचे, प्रत्येकाचा अर्थ सांगायचा आणि त्यांतल्या दोहोंची वाक्ये करायची. गुण दहा. तेवढे मिळाले असते तर ती आज माझ्यापुढे पेढे घेऊन उभी असती.

माझ्या वडिलांनी मला ज्या रीतीने शिकवले तीच एक रीत मला येत होती. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा म्हणावे. क्रम मोडू नये, मध्ये थांबू नये, आणि अडखळल्यास पुन्हा आरंभापासून म्हणावे. तिला संथा म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी गडगा ओलांडून दादूच्या विहिरीपाशी बसू लागलो. पावसाआधी सुपारीच्या घडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्या लागतात, नाही तर घड कुजून गळतो. त्यामुळे दादू वर झाडावर, नूतन खाली काथ्याच्या दोऱ्या हात-हातभर कापीत बसलेली, आणि मी विहिरीच्या कठड्यावर, असा आमचा वर्ग भरे.

रात्री जेवणापूर्वी मी आरोहीचा शब्दकोश चाळून याद्या करीत असे. पहिली यादी जी-एल या अक्षरांची केली, आणि लेखणी हातात धरून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. ग्लो म्हणजे मंद तेज. ग्लीम म्हणजे लकाकी. ग्लिटर म्हणजे चकचकाट. ग्लॉस म्हणजे तकाकी. ग्लास म्हणजे काच, आणि ग्लान्स म्हणजे ओझरती नजर. दोन अक्षरांच्या आडोशाला एवढे तेज एकत्र नांदते, हे मला कोणीच कधी सांगितले नव्हते. आपल्याकडे एका धातूपासून शब्दांचे गोत्र उभे राहते, ते पाहताना बालपणी जो आनंद होई, तोच आनंद अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी परक्या अंगणात भेटला. मी त्या पानाला नमस्कार केला.

सकाळी हे सांगितले तेव्हा आरोही मान वाकडी करून म्हणाली, "आणि ग्लू, आजोबा? ग्लू म्हणजे डिंक. तो कुठं चमकतो?"

"तो त्या घरात भाड्याने राहतो," मी म्हणालो.

एस-एनची यादी आवडाबाईंना फार मानवली. स्निफ म्हणजे हुंगणे, स्नीझ म्हणजे शिंकणे, स्नोअर म्हणजे घोरणे, स्नाउट म्हणजे जनावराचे मुस्कट, स्नफ म्हणजे तपकीर. सारा मामला नाकाचा. आवडाबाई डबी बाहेर काढून म्हणाल्या, "म्हंजे इंग्रजानं माज्या तपकिरीला पन नाव ठेवलंय व्हय? मंग तोच पयला लिही गो. आनि ह्यांच्या घोरण्याचा दुसरा. दोन वाक्यं घरातच झाली तुजी."

"आई, पाठ करू दे ना!"

"कर की. मी काय तोंड धरलंय तुजं?"

टी-डब्ल्यूच्या यादीने तर मला थक्क केले. ट्वाइस म्हणजे दोनदा, ट्विन म्हणजे जुळे, ट्वेल्व्ह म्हणजे बारा, ट्वाइन म्हणजे दोन पेडांचा दोर, ट्विस्ट म्हणजे पीळ, ट्वायलाइट म्हणजे संधिप्रकाश. जिथे तिथे दोन. आपला 'द्वि' आणि यांचा 'ट्व' सख्खी नव्हेत तरी चुलत भावंडे खास. हे सारे मी नूतनला एकदा कौतुकाने सांगितले, आणि लगेच म्हणालो, "ते असो. अर्थाचे सौंदर्य मागाहून. आधी क्रम." आज ते वाक्य आठवले की माझे मलाच हसू येते.

जून उजाडेपर्यंत तिच्या बारा याद्या पाठ झाल्या. ती दोऱ्या कापता कापता एका श्वासात यादी म्हणे आणि मला धन्य वाटे. परीक्षेला तीन आठवडे होते. आकाश भरून येऊ लागले होते, म्हणून दादूची घाई चालली होती. त्या सकाळी आरोही शब्दकोश मांडीवर घेऊन म्हणाली, "आजोबा, आज मी परीक्षा घेते. आई, स्नफ म्हणजे काय?"

नूतनचे ओठ हलू लागले. "स्निफ, स्नीझ, स्नोअर, स्नाउट, स्नफ... स्नफ म्हणजे तपकीर!"

"आईची एसटी डेपोतूनच सुटते," आरोही हसत सुटली. "मधल्या थांब्यावर हात दाखवून उपयोग नाही! बरं, आता टी-डब्ल्यू."

"ट्वाइस, ट्विन..." नूतन थांबली. तिने पुन्हा आरंभ केला. "ट्वाइस, ट्विन..." तिसऱ्यांदाही ती तिथेच थांबली. तिसरा शब्द सुटला होता आणि त्याच्या मागचे सारे त्याच्याबरोबर गेले होते. मग ती घाबरली. मी जी-एल विचारले. ग्लोच्या पुढे काहीच येईना.

तिने दोऱ्यांची जुडी खाली ठेवली. "मार्चमध्ये निदान दोन-तीन यायचे, गुरुजी. आता तेही नाहीत." आणि माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाली, "काल नीराबाईंनी मला बालवाडीची चावी दाखवली. म्हणाल्या, बोर्लीच्या बाईच्या हातात द्यायला माझा जीव होणार नाही. मी त्यांना सांगितलं, नाही द्यावी लागणार."

आरोहीचे हसू मावळले. आवडाबाईंनीही डबी मिटली. मला एवढेच सुचले, "पुन्हा आरंभापासून म्हण, बाळ."

तोच डोक्यावरून आवाज आला. "गुरुजी, रागावनार नसाल तर एक बोलू?"

दादू विहिरीजवळच्या पोफळीच्या शेंड्याशी, पायांत दोराचा वेढा घालून, कमरेला पिशव्यांची जुडी खोचून बसला होता. आमचा वर्ग त्याने इतके दिवस वरूनच ऐकला होता, हे माझ्या ध्यानीही नव्हते.

"वरून बोलणाऱ्यावर खालच्याने कसे रागवावे? बोल."

"तुमी सूनबायला एक रांग दिली. रांग धड हाय तवर झ्याक. पन मधलं झाड पडलं की ती खाली येते आनि परत पयल्या झाडापासनं चढते. मी पन तेच करत हुतो. वादळानंतर."

ते वादळ होऊन पाच-सहा वर्षे झाली; या किनाऱ्यावर त्याचे नाव घ्यावे लागत नाही. त्यापूर्वी दादू विहिरीपाशी वर चढे, एक पोफळ वाकवून दुसरीला हात घाली, दुसरीवरून तिसरीवर जाई, आणि समुद्राकडच्या कुंपणाशी खाली उतरे. मध्ये त्याचा पाय मातीला लागत नसे. आमच्या वाड्यांत काम करण्याची हीच रीत आहे. प्रत्येक झाड नव्याने चढायचे म्हटले तर दिवस पुरणार नाही आणि छातीही पुरणार नाही. वादळाने त्या रांगांना खिंडारे पाडली. जागोजागी लावलेली रोपे अजून जेमतेम पुरुषभर उंच झाली आहेत.

"पयलं वरीस मी दर खिंडाराला खाली उतरलो," दादू सांगत होता. "उतर, चढ. उतर, चढ. दम लागून मरायची पाळी. मंग एक दिस असाच वर बसलो हुतो, म्होरलं झाड न्हाय म्हनून रडत. आनि बघितलं तर बाजूच्या रांगेतलं झाड हाताशी! जल्मभर त्याच्याकडं बघितलंच न्हवतं, कारन ते माज्या रांगेतलं न्हवतं ना."

"आणि मग?" नूतनने विचारले.

"मंग काय? हे आसं."

एवढे बोलून त्याने झाडाला अंगाचा हेलकावा दिला. पोफळ वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली, आणि तिसऱ्या हेलकाव्याला दादूने पुढच्या रिकाम्या जागेकडे न पाहता डाव्या हाताची पोफळ पकडली आणि तो तिच्यावर गेला. सोडलेले झाड बराच वेळ एकटेच डोलत राहिले.

"खाली न्हाय बघायचं, सूनबाय," तो नव्या झाडावरून म्हणाला. "खाली बघितलं की उतरावंसं वाटतं. आजूबाजूला बघायचं."

"झालं शिकवून?" आवडाबाई ओरडल्या. "उतरा आता! गुरुजी बघत्यात म्हनून अंगात आलंय. साठी उलटली, पडाल तर उचलायला मान्सं आनू कुठनं?"

त्या रात्री मी माझ्याच याद्या पुढ्यात घेऊन बसलो. मी नूतनला शब्दांचे घर दाखवले होते आणि लगेच दाराला कडी घातली होती. प्रत्येक शब्दाला फक्त मागचा आणि पुढचा असे दोनच शेजारी मी ठेवले होते. वडिलांच्या रीतीत काही उणे नव्हते. मला ती बालपणी लाभली, तेव्हा आयुष्य पडले होते, आणि क्रमाबाहेरचे सारे पुढच्या सत्तर वर्षांत आपोआप जोडले गेले. नूतनपाशी तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी मी नवा नियम सांगितला. यादी आरंभापासून म्हणायची नाही. शब्द सुचला नाही तर आसपास पाहायचे: हातात काय आहे, अंगणात काय चालले आहे, या अक्षरांचा साऱ्यांत मिळून भाव काय आहे. जो कोणी पहिल्या शब्दापासून सुरुवात करील त्याने दंड म्हणून दहा दोऱ्या कापायच्या.

"आनि दंड मी वसूल करनार," आवडाबाईंनी जाहीर केले. त्यांना पडवळाच्या मांडवासाठी दोऱ्या हव्याच होत्या.

मी नूतनच्या हातातल्या दोरीकडे बोट दाखवले. तिने ती उलगडली. "दोन पेड. ट्वाइन. पेडांना पीळ दिला, म्हणून ट्विस्ट." मग ती विहिरीपलीकडच्या आंब्याकडे पाहू लागली. "फांदीला फुटलेली डहाळी... ट्विग! गुरुजी, हा तर तुमच्या यादीत नव्हता."

"नव्हता," मी म्हणालो. तो तिला कुठल्या तरी धड्यात भेटलेला होता आणि इतके दिवस कोणी हाक मारील म्हणून उभा होता. त्यानंतर यादीबाहेरचे असे कितीतरी येऊ लागले. दंडाची गोष्ट मात्र निराळी. नूतनने त्या आठवड्यात वीस दोऱ्या कापल्या, मी सत्तर. सवय मेली जाता जात नाही. मी विचारण्यासाठी तोंड उघडले की 'ग्लो, ग्लीम' आपसूक बाहेर पडे आणि आवडाबाई निमूटपणे माझ्यापुढे कोयती सरकवीत.

परीक्षेचे केंद्र बोर्लीला होते. मी आणि दादू तिच्याबरोबर गेलो. तीन तास आम्ही बाजारातल्या चहाच्या दुकानात, पन्हळीतून गळणाऱ्या धारेकडे पाहत बसलो.  दादूने चार चहा घेतले. चौथ्या चहाला त्याने विचारले, "गुरुजी, मी उगा मधी बोललो का? रांगच बरी असंल तर?"

"दादू," मी म्हणालो, "हा प्रश्न मी पहिल्या चहापासून स्वतःला विचारतो आहे. पण तो तुझ्याविषयी नाही, माझ्याविषयी."

नूतन आली ती भिजलेली, आणि चेहऱ्यावरून काहीच कळेना. बाकावर बसली. दादूने आपला कप तिच्यापुढे सरकवला.

"तुमच्या बारा याद्यांतली एकही आली नाही, गुरुजी."

मी हातातला कप खाली ठेवला.

"एस-डब्ल्यू आली. आपण कधी म्हटलीच नव्हती ती. अक्षरं बघितली आणि पेन ठेवून दिला. वाटलं, झालं, उतरा आता खाली." तिने चहाचा घोट घेतला. "मग बाबांचं ते बोलणं आठवलं. बोलणं आठवलं तसे बाबाच दिसले, झाडावर बसलेले. ते झोका घेतात. स्विंग. झाड डोलतं. स्वे. अंगातनं घाम गळतो. स्वेट. त्यांनी वरून टाकलेला कचरा खाली मी झाडते. स्वीप."

"चार झाले," मी म्हणालो.

"पाचवा येईना. मग बाबा वरून कुठं बघत असतील, तिकडं बघितलं. वाडीच्या पलीकडं समुद्र. स्विम." आता ती हसली. "पाचच्या पाच, गुरुजी! अर्थ पण लिहिले. बारा मिनिटं लागली."

स्विंग, स्वे, स्वीप, स्विम. मी मनात ते शब्द एकामागून एक ठेवून पाहिले. त्या दोन अक्षरांत सारा हेलकावाच भरलेला होता. आणि तो मी नव्हे, तिने शोधला होता. बाजारात, चहाच्या दुकानात, मी हात जोडले. दुकानदाराला वाटले, पैसे कोण देणार यावर आमचे सौजन्य चालले आहे.

"आनि वाक्यं?" दादूने विचारले. "दोन लिवायची हुती ना?"

"एक लिहिलं, मी रोज सकाळी बालवाडी झाडते. आणि दुसरं..." ती घुटमळली. "माझे सासरे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झोका घेत जातात."

 दादू मांडीवर थाप मारून असा हसला, की शेजारच्या बाकावरचे लोकही वळून पाहू लागले. घरी ही हकीकत ऐकून आवडाबाई मात्र गंभीर झाल्या. "तपासनारा मास्तर काय म्हनंल गो? ह्या बाईचा सासरा माकड हाय म्हनंल!"

निकाल जुलै सरता सरता लागला. आरोहीने मोबाइलवर पाहिला आणि ती आईच्या गळ्यातच पडली. इंग्रजीत सत्तेचाळीस. नूतनने पेढ्यांचा पहिला पुडा माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी तो गडग्यावरून दादूच्या हातात दिला. त्याने एक पेढा काढून घेतला आणि पुडा मला परत केला. त्या दिवशी तो पुडा गडग्यावरून बरेचदा इकडून तिकडे गेला.

गणपतीनंतरच्या सोमवारी नीराबाईंनी बालवाडीची चावी नूतनच्या हातात दिली. मी देवळात गेलो होतो, तो परतताना मागच्या खिडकीपाशी थांबलो. आत अमिषा नावाची चार वर्षांची चिमुरडी हाताची घडी घालून वार म्हणत होती.

"सोमवार, मंगळवार, बुधवार..." ती अडली. मोठा श्वास घेऊन तिने पुन्हा आरंभ केला. "सोमवार, मंगळवार..."

"परत सोमवारी कशाला निघालीस, अमिषा?" नूतनने विचारले. "इकडं बघ. बोर्लीचे काका मासळी घेऊन तुमच्या दारात कधी येतात?"

"शुक्रवारी!" अमिषा ओरडली. "आणि आजी गुरुवारी मासळी खातच नाही!"

"मग बुधवारानंतर कोण आलं?"

"गुरुवार!"

वर्गात टाळ्या झाल्या. तेवढ्यात नूतनचे लक्ष खिडकीकडे गेले. "गुरुजी," ती आतूनच म्हणाली, "हिने दोनदा सोमवारपासून सुरुवात केली. दंड तुमच्याकडे पाठवू का?"

"पाठव," मी म्हणालो. गडग्यापलीकडे आवडाबाईंचे पडवळ मांडवाबाहेर गेले होते आणि दोऱ्या कमी पडतच होत्या.